गोळी माझी, डुक्कर सरकारचं

ज्याच्या घरात परवान्याची बंदूक असते, त्याला गावात मान असतो आणि घरात नसतो. गावाला वाटतं, वेळ आली तर हा माणूस काहीतरी धडाक्याचं करील. घरच्यांना ठाऊक असतं, झुरळ दिसलं तरी हा माणूस आधी चष्मा शोधतो.

आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हा वाटणीत धाकट्या भावाला जिंतुरातलं दुकान गेलं. माझ्या वाट्याला नेमगिरी डोंगराच्या अंगाची कोरडवाहू जमीन, त्यातली उन्हाळ्यात तळ दाखवणारी विहीर आणि एक दुनळी बारा बोअर आली. जमिनीचा फेर ओढायला तलाठी पुरेसा होता. बंदुकीला मात्र पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण आणि भरपूर फोटो लागले. अर्जात कारण लिहिलं, ‘पीकसंरक्षण’. वरातीसाठी नव्हे, हे वेगळं सांगावं लागलं नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर लग्नात हौसेने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. शिवाय माझा चेहरा पाहून हा वरातीत नाचत असेल असंही कोणाला वाटत नाही.

परवाना हातात आला आणि निवडणुका लागल्या. आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करण्याचा निरोप आला की ती गोणपाटात गुंडाळून न्यायची आणि पावती घेऊन यायचं. 2024 साली 26 एप्रिलला आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं. दोन्ही वेळा मी मतदान केलं आणि दोन्ही वेळा माझी बंदूक सरकारी पाहुणचारात होती. नोव्हेंबरात ज्वारी नुकती वर आली होती. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. त्यांनी प्रचार शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवला.

आता रानडुक्कर म्हणजे कोणी भुरटा चोर नव्हे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते तिसऱ्या अनुसूचीत होतं. नव्या दुरुस्तीने 2023 पासून दुसऱ्या अनुसूचीत गेलं. मी शिक्षकाच्या नोकरीत तीस वर्षं घासली, मला अशी बढती मिळाली नाही. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडून मारायची लेखी परवानगी मिळू शकते, पण पुढची मेख कायद्यातच आहे: असं मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं. म्हणजे ज्वारी माझी, जागरण माझं, बंदूक माझी, गोळी माझी आणि डुक्कर सरकारचं. हे बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, मग सरकारलाच सांगा की ज्वारी राखायला.”

परवानगीचा कागद आला तसा मी काडतुसं आणायला शहर गाठलं. अण्णांच्या जुन्या वहीत काडतुसांच्या एका डब्याची किंमत लिहिलेली आहे. दुकानदाराने जो भाव सांगितला त्यात तो अख्खा डबा बसला असता, आणि हा भाव एका नगाचा होता. मी घासाघीस करून पाहिली. भाजी मंडईत माझी घासाघीस प्रसिद्ध आहे, पण ज्याच्या पाठीमागे भिंतभर बंदुका टांगलेल्या आहेत त्याच्याशी माणूस जरा बेतानेच बोलतो.

“सर, शिसं वाढलं, तांबं वाढलं, दारू तर मिळतच नाही,” तो म्हणाला. “जगात लढाया चालू आहेत. सगळ्या कारखान्यांना तोफांच्या ऑर्डरी. शिकारीच्या काडतुसाला विचारतो कोण?”

“दारू कशाने मिळत नाही?”

“कापूस लागतो ना तिला.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. धूर न करणारी आजकालची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते करतात कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती त्याला फार चांगली. 2022च्या युक्रेन युद्धानंतर युरोपात या मालाची ओढाताण सुरू झाली ती अजून निवलेली नाही. इकडे 2022 साली कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा मी आणखी वर जाईल म्हणून घरात भरून ठेवला, आणि भाव उतरल्यावर विकला. 2025-26च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे मी कापूस क्विंटलने घालतो आणि तोच जग फिरून काडतुसात दोनेक ग्रॅमच्या मापाने माझ्याकडे परत येतो. मधल्या प्रवासात त्याला जो भाव चढला, त्यातला एक पैसा जिंतूरच्या आडतीवर उतरलेला माझ्या पाहण्यात नाही.

या दारूचा शोधही मजेशीर आहे. 1845-46च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी शोनबाइन नावाचे रसायनशास्त्रज्ञ घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करत होते. आम्ल सांडलं, त्यांनी बायकोच्या सुती अ‍ॅप्रनने ते पुसलं आणि अ‍ॅप्रन चुलीपाशी वाळत घातला. तो वाळला आणि भडका होऊन नाहीसा झाला, असं सांगतात. ही गोष्ट मी घरी मोठ्या रंगात सांगितली. बायको म्हणाली, “निदान त्याने सांडलेलं पुसलं तरी.”

दुकानात मात्र माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. जॉन नॉस्लर नावाचा एक अमेरिकन 1946 साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूस नावाच्या थोराड सांबराच्या शिकारीला गेला. त्या जनावराच्या अंगावर चिखल वाळून त्याचं चिलखत झालेलं. गोळ्या आत शिरायच्या आधीच फुटून जात. मग त्याने घरी येऊन मधोमध तांब्याचा पडदा असलेली गोळी केली: पुढचा भाग फुलणार, मागचा शाबूत राहून आत घुसणार. पुढे त्या गोळीवर कंपनी उभी राहिली. भारी गोळीचा बाजार सुरू झाला तो तिथून, आणि आता तर निव्वळ तांब्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. आमची डुकरंही येलदरी धरणाच्या पाणलोटात मनसोक्त लोळून येतात. हीच गोळी मला हवी, असं मी छाती काढून सांगितलं.

दुकानदाराने मान हलवली. “ती रायफलची, सर. तुमची बारा बोअर. तिच्यात छर्रे जातात. डुकराला एलजी न्या, मोठ्या छर्ऱ्यांची. खडकीची देऊ का?”

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा, अण्णांनी जन्मभर तोच माल वापरला. पण नॉस्लर डोक्यात असल्यावर खडकी कुठली पटायला! मी परदेशी एलजी मागितली. एका काडतुसाचा भाव ऐकला आणि गणिताचा मास्तर जागा झाला. एकरभर रब्बी ज्वारी पेरायला चार किलो बी पुरतं. त्या चार किलोंचे पैसे आणि वर दोघांचा चहा, एवढी त्या एका नगाची किंमत. मी मोजकी काडतुसं घेतली. निघताना तो म्हणाला, “जुनी शिल्लक असतील तर वापरू नका. रिकाम्या पुंगळ्या जपा, हिशेब विचारतात.”

जुनी शिल्लक होतीच. अण्णांची कागदी नळीची, पितळी बुडाला हिरवट चढलेली, परवान्यावर रीतसर नोंदलेली काडतुसं. ती टाकून द्यायची, आणि तीही असल्या महागाईत? दुनळीची सोयच अशी की दोन घोडे, दोन बार. उजव्या नळीत अण्णांचं काडतूस, डाव्या नळीत परदेशी. फुकटचं आधी, विकतचं मागून. अशी काटकसर बंदूक तयार करणाऱ्यालाही सुचली नसेल.

ज्वारी हुरड्यात आली आणि आम्ही माळ्यावर बसायला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे सालगडी मामा. मामा अण्णांच्या वेळेपासूनचे. त्यांच्याकडे गोफण, टॉर्च आणि तंबाखू. माझ्याकडे बंदूक, परवाना, वनखात्याचा कागद, या सगळ्याच्या झेरॉक्स आणि कानटोपी.

पहिलं डुक्कर आलं ते बांधापलीकडे. “लांब आहे,” मी म्हणालो. मामा गप्प बसले. मग एक जवळ आलं.

“हाना, सर.”

“बारकं आहे हो मामा.”

“बारकं हाय म्हून ज्वारी खात न्हाई का?”

तसं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे दुकानदाराचं बिल होतं. एवढ्या किमतीच्या काडतुसाला शोभेल असं जनावर समोर यावं, अशी माझी अपेक्षा होती. मुलीला स्थळ पाहताना मी एवढा चोखंदळ नव्हतो. एकाचा कोन चुकीचा, दुसऱ्याच्या मागे शेजाऱ्याचा गोठा, तिसऱ्याची पाठ आमच्याकडे. अशी सगळी स्थळं नाकारण्यात रात्री गेल्या आणि खालची ज्वारी आडवी होत गेली.

अखेर आला तो खरा धनी. काळाकभिन्न, मानेवर आयाळ उभी, सुळे चांदण्यात दिसणारे, अंगावर चिखलाचं जाड लिंपण. नॉस्लरने पाहिला असता तर मिठी मारली असती. तो थेट माळ्याच्या समोर येऊन ज्वारीचं ताट पायाखाली दाबून कणीस चघळू लागला. मामांनी टॉर्च मारला. मी श्वास रोखून उजवा चाप ओढला.

खट्.

बास, एवढंच. अण्णांचं काडतूस अण्णांच्या मागोमाग गेलेलं होतं. डुकराने कान हलवला आणि दुसरं कणीस घेतलं.

प्रशिक्षणात बजावून सांगितलेलं मला नेमकं आठवलं. चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक उघडायची नाही. नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचं, कारण एखादं काडतूस रेंगाळून उडतं. मी नळी नेमगिरीच्या ओसाड उताराकडे वळवली आणि थांबलो. समोर, हाताच्या अंतरावर म्हणावं असं, डुक्कर जेवत होतं. मी त्याच्याकडे पाठ करून डोंगरावर नेम धरून बसलो होतो.

मामा कुजबुजले, “सर, डुक्कर हिकडं हाय.”

“माहीत आहे.”

“मग कामून तिकडं धरलंव?”

“नियम आहे.”

मामांनी तंबाखू मळायला घेतली. नियमांपुढे ते कधी बोलत नाहीत.

पुरेसा वेळ गेल्यावर मी बंदूक उघडली, फुसकं काडतूस काढून खिशात ठेवलं आणि वळलो. धनी अजून होता, पण आता निघायच्या बेतात, विहिरीच्या बाजूला. डाव्या नळीत परदेशी माल. घाईघाईने चाप ओढला. यावेळी बार झाला, आणि असा झाला की खांद्याचा सांधा जागेवर आहे की नाही ते चाचपावं लागलं. माळा हलला, कानटोपी खाली गेली. विहिरीकडून ठण्ण असा स्वच्छ आवाज आला आणि रात्रीच्या विजेवर भरभरणारी मोटार एकदम बंद पडली.

टॉर्चच्या उजेडात पाहिलं. खांबावरच्या स्टार्टरच्या डब्याला छर्ऱ्यांनी भोकं पाडली होती, एकमेकांच्या अगदी जवळजवळ. परदेशी मालाच्या दर्जाबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मामा डब्याला हात लावून म्हणाले, “नेम चांगला हाय, सर. जनावर चुकलं.”

धनी रात्रीच दुसऱ्या बाजूने परत येऊन उरलेली रांग आटोपून गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला खर्च मांडला. प्रवास, काडतुसं, परवान्याचं नूतनीकरण, झेरॉक्स, नवा स्टार्टर, वायरमनची मजुरी, खांद्याचं मलम. शेजारच्या रकान्यात डुकरांनी खाल्लेली ज्वारी लिहिली. तो रकाना फारच किरकोळ निघाला. इतकी वर्षं मी पोरांना नफा-तोटा शिकवला, पण माझं उदाहरण एवढ्या स्वच्छ अक्षरात कधी पाहिलं नव्हतं.

“पुढच्या रब्बीला काडतुसं आणू नका,” ती म्हणाली. “त्याच पैशात बी घ्या. चार तासं जास्तीची पेरा, डुकरांच्या नावाने.”

मी मामांकडे पाहिलं. मामांनी बराच विचार केला, पिंक टाकली आणि म्हणाले, “पेरू की वहिनी. पन कोन्ती तासं आपली अन कोन्ती त्यांची, ते तेन्ला कागदावर लिहून द्यावं लागंल. सर, झेरॉक्स काढून आना.”