शोरीलमध्ये एक अख्खा सीन ठेवा

कॅमेरामन मंडळींची शोरील्स हल्ली एकाच साच्यातून निघतात. धुक्यावरून सरकणारं ड्रोन, मावळतीच्या उन्हात केस उडवणारी नायिका, स्लो मोशनमधला गुलाल आणि मागे धडाधड वाजणारं संगीत. एकही शॉट दोन-तीन सेकंदांवर टिकत नाही. नाव झाकलं तर कुणाचं शोरील कुणाच्याही नावावर खपेल.

काम देणाऱ्या दिग्दर्शकाला बघायचं असतं ते वेगळंच. खोलीत दोन माणसं बोलतायत. एकाचे क्लोज सकाळी उरकले, जेवणाची सुट्टी झाली, ऊन फिरलं आणि दुसऱ्याचे क्लोज लागले ते संध्याकाळी पाचला. पडद्यावर मात्र ते एकाच दुपारचं बोलणं वाटायला हवं. खिडकी ज्या बाजूला आहे, उजेड त्याच बाजूने यायला हवा. चेहऱ्यावरची सावली कट झाल्यावर उडी मारता कामा नये. कॅमेरामनचं निम्मं कसब इथेच लागतं, आणि दोन सेकंदांच्या तुकड्यांत ते दिसणं शक्यच नाही. त्यासाठी मिनिटभराचा सलग सीन हवा, मूळ आवाजासकट.

‘कोर्ट’ (2014) हा सिनेमा आठवा. मृणाल देसाईंचा कॅमेरा त्यात बहुतेक वेळ जागचा हलत नाही. उन्हाळी सुट्टीआधीचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवतात, दालन अंधारात बुडतं, तरी कॅमेरा तिथेच. त्या शॉटचे दोन सेकंद कापून घेतले, तर हाती फक्त रिकामी खोली लागेल. त्याच वर्षीच्या ‘किल्ला’तला कोकणातला पाऊस देखणा आहे, कुठल्याही शोरीलमध्ये शोभेल. पण अविनाश अरुण यांनी तो असा टिपलाय की आधी त्यातल्या मुलाचं एकटेपण भिडतं, पाऊस नंतर. हे भिडायलाही वेळ द्यावा लागतो.

तेव्हा ड्रोनचे शॉट निम्मे करा आणि ती जागा एका सीनला द्या. रात्रीचा, घरातला, साध्या दिव्यातला असेल तर फारच उत्तम.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी नव्या पोरापोरींना कुणी सांगत नाही. तुम्ही शूट केलेलं फुटेज सहसा निर्मात्याच्या मालकीचं असतं. सिनेमा अडकला, की तुमचं कामही त्याच्याबरोबर डब्यात जातं. म्हणून शोरीलसाठी क्लिप मिळेल का, कधी मिळेल आणि रंगसंस्कार झालेली मिळेल का, हे सही करण्याआधीच करारात लिहून घ्या. शूटिंग संपल्यावर मागायला गेलात की फोन उचलले जात नाहीत.

सहायक असताना उस्तादांनी लावलेला लाइट मात्र आपल्या शोरीलमध्ये घालू नका. मुंबईत असा शॉट ओळखणारा माणूस तुम्ही शोरील दाखवायला जाता त्याच ऑफिसात बसलेला असतो.