बसराव

अमेरिकेतल्या मराठी माणसाला पन्नाशीत काहीतरी होतं. कोणी मंडळाच्या नाटकात घुसतो, कोणी मागच्या अंगणात अळू लावून साऱ्या गावाला फदफदं खायला बोलावतो, कोणाला मॅरेथॉन चावते. आमच्या बसरावांनी शाळेची जुनी बस घेतली. खरं नाव सांगत नाही. तसंही ते आता कोणाच्या लक्षात नाही.

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात चार बेडरूमचं घर, दोन गाड्या, गुडघेदुखी सुरू झालेली. एवढं सगळं व्यवस्थित चाललेलं असताना हा गृहस्थ रात्री जागून ऑनलाइन लिलावात चाळीस फुटी पिवळी बस घेऊन बसला. तिथल्या शाळा बारा-पंधरा वर्षं वापरून बस मोडीत काढतात, आणि त्यांचं चाकांवरचं घर करायला बसरावांसारखे लोक वाटच बघत असतात. वहिनींना सकाळी बँकेच्या मेसेजवरून कळलं. त्या फक्त म्हणाल्या, “बस आता!” यातला श्लेष बसरावांना अजून कळलेला नाही.

सोसायटीच्या नियमात दारात बस उभी करणं बसत नाही. त्यामुळे ती गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात भाड्यानं उभी. दर शनिवारी डबा घेऊन बसराव तिकडे.

बस घेतलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. नखांत काळं, कोपराला पट्टी, आणि तोंडी गंज. तुम्ही “काय म्हणता?” एवढंच विचारा, तो गंजाबद्दल सांगायला लागतो. वरवरचा गंज कुठला, पत्रा खाणारा कुठला, रबराची चटई आणि प्लायवूड उचकटल्यावर खाली काय निघालं. लग्नाच्या जेवणावळीत मी हे गुलाबजाम संपेपर्यंत ऐकलं आहे. गंज संपला की इतिहास. शाळेच्या बसचा पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातल्या परिषदेत ठरला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं स्पष्ट दिसतात. आणि केन कीसी नावाच्या कादंबरीकारानं १९६४ साली मित्रांचं टोळकं भरून अमेरिकाभर नेली ती रंगीबेरंगी बस? तीही मूळची शाळेचीच, तीही १९३९ चीच! हा योगायोग बसराव असा सांगतात की वाटावं, तो त्यांनीच जुळवून आणला. एवढं पिवळ्याचं कौतुक सांगून झालं की पडेल आवाजात म्हणतात, “आपल्याला मात्र दुसरा रंग द्यावा लागतो.” खासगी मालकाची बस पिवळी दिसलेली बऱ्याच राज्यांना चालत नाही. लाल दिवे आणि बाजूला उघडणारी ती ‘थांबा’ची पाटीही काढावी लागते.

या सगळ्यामागचं तत्त्वज्ञान असं, की माणसाला फार थोडं सामान लागतं. हे थोडं सामान बसवण्यासाठी बसरावांनी ग्राइंडर, कॉम्प्रेसर, रिव्हेट गन, दोन शिड्या आणि वेल्डिंगचं हेल्मेट घेतलं. ते ठेवायला गॅरेज लागलं. वहिनींची गाडी आता पावसात उभी असते.

उन्हाळ्यात बसरावांच्या मातोश्री आल्या. गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांचा संसार केलेली बाई. लेकाला वाटलं, आता आई कपाळाला हात लावणार. त्या पदर खोचून बसमध्ये चढल्या, पुढून मागे एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “ऐसपैस आहे की रे!” होतीच. साधारण सव्वादोनशे चौरस फूट. दोन खोल्यांचा ऐवज.

मग त्यांची नजर खाली गेली. बाकं काढली की बोल्टची भोकं उरतात, आणि त्या भोकांवर एक सेंटचं नाणं चपखल बसतं. या पंथातला हा जुना तोडगा आहे. बसरावांनीही गंजरोधक रंग मारून, एकेका भोकावर चिकटवून, अख्ख्या जमिनीवर नाणी जडवली होती. मातोश्री जागच्या जागी थिजल्या. “पैशावर पाय देऊन चालायचं?” त्याच दिवशी त्यांनी नाण्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि वर लाकडी जमीन येईपर्यंत पाय कुठे ठेवायचा हे लेकाला आखून दिलं. लंगडीच होती ती.

पण त्यांच्याइतका जाणकार सल्लागार बसरावांना कुठल्याही व्हिडिओत भेटला नव्हता. मागच्या चाकांवरचे उंचवटे महिनोन् महिने त्यांची झोप उडवत होते. मातोश्री म्हणाल्या, “एकावर देव मांड, दुसऱ्यावर पाण्याचं पिंप.” वर माळा, पलंगाखाली ट्रंका, दाराशी मोरी, सगळं अर्ध्या तासात. बसरावांचा बेत छत कापून दीड फूट वर उचलण्याचा होता. त्या व्हिडिओंतली माणसं सव्वासहा फुटी असतात.

“तुझी उंची किती?”

“पाच-पाच.”

“आणि हे छत?”

“सहाच्या वर.”

“मग उचलतोयस कोणासाठी?”

छत वाचलं. शौचालयावर मात्र मायलेकांचं बिनसलं. कोरडं, कंपोस्टवालं; त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा घालायचा. विटेसारखी दाबलेली त्याची पाकिटं डॉलर मोजून आणलेली पाहून मातोश्रींना गुहागरची आपली वाडी आठवली. तिथे सोडणांचे ढीग फुकट पडून असतात. “आणि घालायचा कशात म्हणालास?” असं विचारून, उत्तर न ऐकताच त्या खाली उतरल्या.

एक उपद्रव मात्र राहिलाच. शेवटच्या बाकावर एखादं पोर झोपून राहू नये म्हणून अशा काही बसमध्ये सोय असते: किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की भोंगा वाजतो, आणि चालकानं पार मागे जाऊन बटण दाबेपर्यंत थांबत नाही. ही बस त्यातलीच. वायरींच्या त्या जंजाळात नेमकी कुठली तोडायची ते बसरावांना उमगेना. त्यामुळे इंजिन बंद केलं की पन्नाशीचा हा इंजिनिअर मुकाट्यानं मागे जाऊन, पोर राहिलेलं नाही अशी ग्वाही देऊन येतो.

यंदा गणेशोत्सवात बसचं पदार्पण झालं. मंडळानं तिचा चांगलाच फायदा उठवला: पुढे नाटकवाल्यांची रंगभूषा, मधल्या ओट्यावर मोदकांची पातेली, मागच्या पलंगावर कोणाकोणाच्या शाली. बसराव दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सोलर पॅनेल समजावत होते. त्या दिवसाइतके खूश मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत.

रात्री उशिरा बस शेतकऱ्याच्या आवारात नेऊन लावली. सोबत मी होतो. किल्ली फिरवली, भोंगा सुरू झाला. बसराव सवयीनं मागे गेले आणि बटण न दाबता तिथेच उभे राहिले. पलंगावर शालींच्या ढिगाखाली मंडळाचे खजिनदार, देणगीची पेटी उशाला घेऊन, गाढ झोपलेले. भोंग्यानंही जाग नाही. बसरावांनी गदागदा हलवलं तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

“प्रसाद संपला का?”