वाणसामान आणि वामनमूर्ती

ही मार्गदर्शिका होतकरू पालकांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्या घरी नुकतंच मूल आलंय आणि महिन्याचं वाणसामान पूर्वीच्याच पैशांत बसेल असं ज्यांना अजून वाटतंय, त्यांच्यासाठी. मुरलेल्या पालकांनी ती वाचू नये. त्यांना दहा मिनिटं मोकळी मिळाली असतील तर त्यांनी झोपावं.

लागणारं साहित्य: मूल एक, कापडी पिशव्या दोन, सामानाची यादी, आणि मुलाच्या हाती न लागणारं एक पेन. यादीसाठी वही विकत आणू नये. लग्नपत्रिकेचं पाकीट उलगडलं की आतून महिन्याच्या यादीपुरता कोरा कागद निघतो. कालनिर्णयच्या मागे लिहायला जाऊ नका, तिथे आधीच कुणाची तरी पाककृती छापलेली असते. पुढच्या चौकटी मात्र मोलाच्या. १९७३ पासून मराठी घरांनी दुधाचे खाडे, पेपरचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख त्यांतच टिपून ठेवली आहे. आता लसींच्या तारखाही तिथेच जातील. दुधाचे खाडे तेवढे विसरा. मूल आजोळी जाईपर्यंत ‘आज दूध नको’ असा दिवस तुमच्या घरी उगवणार नाही.

पहिल्या वर्षाचा धडा सोपा आहे: कपडे घेऊ नका. तान्ह्या बाळाला आधी जुनं घालायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं आजीचं लुगडं फाडायचं, त्याची दुपटी आणि लंगोट करायचे, उरल्यासुरल्या तुकड्यांची गोधडी. या रीतीला धार्मिक कारणं सांगणारे भेटतील, पण खरं कारण हिशोबाचं असावं. बाळाचं वजन पाच महिन्यांच्या सुमाराला जन्माच्या दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट होतं. वर्षभरात तिप्पट होणाऱ्या माणसाला कोणता शहाणा शिंपी नवे कपडे शिवेल?

शिवाय बाळंतविडे येतात. झबली, टोपरी, कुंच्या, पायमोजे, सगळं एकाच मापाचं आणि बारसं होईपर्यंत तोकडं झालेलं. यावर समाजाने शोधलेला उपाय म्हणजे फिरता बाळंतविडा. खोका न फोडता कपाटात ठेवावा आणि पुढच्या बारशाला न्यावा. पथ्यं दोनच. आतली नावाची चिठ्ठी आठवणीने काढावी, आणि ज्यांच्याकडून आला त्यांच्याच घरी तो परत जाऊ देऊ नये. सासरचा माहेरी, माहेरचा ऑफिसात असं वळवलं की धोका कमी होतो. नाहीसा होत नाही, कारण समोरचेही हेच करत असतात.

लंगोट की डायपर हा वाद घरोघरी आहे आणि तो मिटवण्याची आमची ऐपत नाही. दिवसा लंगोट, रात्री डायपर ही तडजोड बहुतेकांना परवडते. नवजात बाळ दिवसाकाठी दहा-बारा लंगोट सहज ओले करतं. कोकणात आषाढात तडजोड मोडावी, कारण तिथे तेव्हा लंगोट वाळत नाहीत, फक्त त्यांचा वास बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, दूध पाजायच्या बाटलीवरचाही. या सात टक्क्यांचं काय करायचं ते दुकानात शिरण्याआधी ठरवून ठेवा. न ठरवल्यास ते शेजारच्याच कप्प्यातल्या सुगंधी ओल्या रुमालांत जातात. त्या रुमालांचं काम घरचं ओलं फडकं करतं, फक्त त्याच्यावर हसरं बाळ छापलेलं नसतं.

बाळाच्या दुधाच्या डब्यावर मात्र ‘स्कीम’ शोधत बसू नये. १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा आहाराची जाहिरात, फुकट नमुने, भेटी, आमिषं, सगळ्याला बंदी आहे. अख्ख्या दुकानात तुम्हाला कुणीही भुलवत नाही असा हा एकच कप्पा. थकलेल्या पालकांनी तिथे दोन मिनिटं उभं राहून शांतता अनुभवावी. कारण कायद्याचं छत्र दोन वर्षांपाशी संपतं आणि पुढच्याच कप्प्यात डब्यांवरची मुलं उड्या मारायला लागतात: उंची वाढते, बुद्धी तल्लख होते, परीक्षेत नंबर येतो. या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणायची पद्धत होती. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना ती त्या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी चीजच नाही. डबा उलटा करून साखरेचा आकडा वाचावा. मग दूध नुसतं द्यावं, नाहीतर डबा घ्यावा आणि पुन्हा उलटा करू नये.

घरचं खायला घाला, पैसे वाचतात, असं सगळे सांगतात. हे सांगणाऱ्याने नाचणीचं सत्त्व कधी केलेलं नसतं. कृती देतो. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरच या फंदात पडावं. नाचणी निवडावी, खडे काढावेत, तीन-चार पाण्यांतून धुवावी, रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात घट्ट बांधून मोड येऊ द्यावेत, सावलीत वाळवावी, मंद आचेवर भाजावी, दळावी, मग मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करावी. कापडातून जे खाली पडतं ते सत्त्व. वर राहतं त्याची भाकरी होते, ती बाबांनी खावी. नाचणी स्वस्त आहे. तयार सत्त्वाच्या खोक्याच्या पैशांत ती पिशवीभर येते. आता ते पाण्यात कालवून शिजवावं, वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये, आणि मधाचं बोट चाटवायला आलेल्या आत्याला प्रेमाने पण ठामपणे अडवावं. वर्षाखालच्या बाळाला मध धोक्याचा आहे, आत्या कितीही जवळची असली तरी. पहिला चमचा बाळ थुंकेल. दुसराही. संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे तेच बाळ खोक्यातलं सत्त्व वाटीभर खाऊन येईल. या प्रयोगात नेमके किती वाचले याचा हिशोब करताना तुमचे दोन दिवस धरू नयेत. घरकामाचे दिवस कुठल्याच हिशोबात धरत नाहीत, इथेच कशाला सुरुवात करा?

आता कळीचा मुद्दा: मुलाला बाजारात न्यावं की नाही? ते बाजारावर अवलंबून आहे. मंडईत मूल जमेच्या बाजूला असतं, सुपरमार्केटमध्ये खर्चाच्या.

मंडईत मूल कडेवर घेऊन, त्याचं तोंड पुढे करून जावं.

“मावशी, कोथिंबीर कशी दिली?”

“वीसला जुडी.”

“वीस? काल तर पंधरा होती.”

“काल तुम्ही आलता कुठं?”

इथे मुलाला किंचित पुढे सरकवावं. मावशींची नजर खाली येते. “काय रे राजा, नाव काय तुझं? घे, गाजर घे.” मूल गाजर धरतं, चावतं, हसतं. हा क्षण सुंदर असतो पण घासाघीस इथेच संपते, कारण पोराच्या तोंडात गाजर असताना पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी आई महाराष्ट्रात अजून जन्मायची आहे. वीस द्यावेत. हिशोबात पाच रुपये तोटा, एक गाजर नफा. शिवाय मुलाने गाजर खाल्लं, जे घरी ताटात वाढलं असतं तर ते फरशीवर गेलं असतं. मंडईतला व्यवहार नेहमीच असा थोडा तोट्याचा आणि बराचसा फायद्याचा होतो.

सुपरमार्केटमध्ये कुणी गाजर देत नाही. तिथे मूल फक्त तीन गोष्टी मागतं. वामनानेही तीनच पावलं मागितली होती. पहिलं पाऊल बिस्किटांच्या कप्प्यावर पडतं, दुसरं खेळणं लपवलेल्या चॉकलेटवर, आणि तिसऱ्यासाठी बिलाच्या रांगेत तुम्ही मान खाली घालून उभे असताच. हा पुराणातला चमत्कार नाही, मांडणी आहे. डाळ-तांदूळ दुकानाच्या पोटात ठेवतात, म्हणजे तिथवर पोचताना तुम्ही सगळं बघावं. रंगीत पुडे अडीच फुटांच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतात आणि गोळ्या रांगेत, जिथून पळता येत नाही. बचावाचे मार्ग थोडे आहेत. ट्रॉलीच्या बैठकीत मूल आपल्याकडे तोंड करून बसतं, त्यामुळे पुढे काय येतंय ते त्याला दिसत नाही. मागे पडलेलं तेवढं दिसतं. म्हणून बिस्किटांच्या कप्प्यातून चालू नये, पळावं.

मूल ट्रॉलीत झोपलं तर, आणि तरच, एमआरपीजवळची बारीक अक्षरं वाचावीत. ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पडतात ते तिथे छापलेलं असतं. मोठा पुडा स्वस्त ही समजूत दर वेळी खरी निघत नाही. शाम्पूची पुडी बरेचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. उलट पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचच रुपयांना मिळतो याचं कौतुक करू नये. किंमत तीच राहावी म्हणून आतली बिस्किटं रोडावत गेली आहेत.

खरी बचत टूथपेस्टमध्ये आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पसरते ती जाहिरातीतली पेस्ट. मुलाला स्ट्रॉबेरीची चव आवडत असेल तर दाण्याचा नियम पाळणं आणखी गरजेचं, नाहीतर ते नळी जेवणासारखी संपवतं.

वाण्याच्या दुकानाचा उल्लेख राहून जायला नको. तिथे पूर्वी मुलांचं उत्पन्न चालायचं. सुटे नाहीत म्हणून शेठ दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या पुढे करायचे, मोठी माणसं कुरकुरायची आणि मुलं गप्प राहून हात पुढे करायची. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हळूहळू हिशोब पैशापर्यंत चोख व्हायला लागला. या क्रांतीत नेमकं कुणाचं नुकसान झालं ते कुठल्याच अहवालात नसेल. आम्ही ते इथे नोंदवतो.

मुलाला दुकान दाखवायचंच नाही, अशीही एक वाट आहे आणि ती जुनी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, मागणी आधीच कागदावर लिहून देतात आणि महिन्याचं सामान एका ठिकाणी येतं, मग वाटप. कागदावर जे लिहिलं नाही ते येत नाही. ओक्साबोक्शी रडून तूरडाळीच्या रकान्यात चॉकलेट घालता येत नाही. मोह टाळण्याची इतकी सरळ व्यवस्था दुसरी पाहण्यात नाही, म्हणूनच कदाचित तरुण पालकांना ती कंटाळवाणी वाटते.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. महागडं खेळणं आणलं की मूल खोक्याशी खेळतं. खोके वाण्याकडे मिळतात. भातुकली घ्यायचीच तर तुळशीबागेतली घ्यावी, आणि मग मुलाने खऱ्या कढईतच हात घातला म्हणून रागावू नये. वाढदिवसाच्या परतभेटी पुण्यात बोहरी आळीतून, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने डझनाच्या भावात आणाव्यात. पेन्सिली, खोडरबर, खडू यांवर आता जीएसटी नाही. तुम्ही वीस मुलांना पेन्सिलीचे संच वाटता आणि त्या वीस वाढदिवसांतून वीस संच तुमच्या घरी परत येतात. मूल दहावीत जाईपर्यंत पेन्सिल घ्यावी लागत नाही.

प्लेग्रुपच्या फीबद्दल या मार्गदर्शिकेत काही नाही. बचत ही मंडईत करायची गोष्ट आहे. कोथिंबिरीच्या पाच रुपयांवर श्वास रोखणारे आम्ही अडीच वर्षांच्या पोराच्या शाळेची फी पहिल्याच भेटीत, हसत, पूर्ण भरतो. वर गणवेशाचं कापड किती छान आहे म्हणतो. अंगणवाडी १९७५ पासून आहे, फुकट आहे, बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ती कुठे आहे हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना पल्स पोलिओच्या रविवारीच कळतं.

शेवटचं कौशल्य म्हणजे घरी आल्यावर किंमत सांगणं. नियम असा की आजींना निम्मी सांगायची. मुलाचे बूट चारशेचे असतील तर संवाद साधारण असा होतो:

“केवढ्याला पडले गं हे?”

“दोनशेला, आई.”

“दोनशे! फसवलं तुला.” थोडा वेळ बूट उलटेसुलटे करून, अंगठ्याने तळवा दाबून बघितल्यावर, “पण बरे आहेत. शेजारच्या जोशीकाकू नातवासाठी कधीच्या शोधतायत. उद्या जाशील तेव्हा त्यालाही एक जोड आण. हे घे दोनशे.”

दोनशे घ्यावेत. दुकानात त्यांत आपले दोनशे घालावेत आणि महिन्याच्या हिशोबात ते ‘इतर’ या सदराखाली लिहावेत.