लेखी आश्वासनाचे शास्त्र

महाराष्ट्रातील आंदोलनांचा अभ्यास करणाऱ्यांनी आजवर मागण्या, नेतृत्व, जनाधार आणि विचारसरणी अशा दुय्यम बाबींवर बरीच शाई खर्च केली असली, तरी ज्या एका वस्तूसाठी हा सारा खटाटोप चालतो त्या लेखी आश्वासनाकडे त्यांचे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे. लेखी आश्वासन म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचे, जावक क्रमांक पडलेले आणि सहसा एका पानात मावणारे असे पत्र, की ज्यात मागणी मान्य केलेली नसते व फेटाळलेलीही नसते, तर तिच्याबाबत 'नियमानुसार उचित कार्यवाही' करण्याचे योजिलेले असते. पाणी, पूल, पीकविमा, घरकुल, अतिक्रमण अशा नाना कारणांनी पेटलेली आंदोलने अखेर याच कागदापाशी येऊन शांत होतात, यावरून मागणी हे निमित्त आणि आश्वासन हे साध्य, असा सिद्धान्त मांडण्यास हरकत नसावी.

या प्रक्रियेचा आरंभही कागदानेच होतो. त्यास निवेदन म्हणतात. निवेदनातील विषय, संदर्भ आणि मागण्या बदलत्या असल्या तरी अखेरचा परिच्छेद जिल्ह्यागणिक बदलत नाही. मागण्या मान्य न झाल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल आणि होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील, हे त्यात यावेच लागते, कारण त्याविना आवक शाखेतील लिपिकासही आपण काही चुकीचे तर वाचत नाही ना, अशी शंका येते. निवेदन दिले जात असतानाचे छायाचित्र ही या टप्प्याची मुख्य निष्पत्ती होय. कागदाचे एक टोक अधिकाऱ्याच्या आणि दुसरे नेत्याच्या हाती असून दोघांचीही नजर कागदावर नसते, तर मागच्या रांगेतील कार्यकर्ते चौकटीत मावण्यासाठी जी धडपड करतात ती, निष्पक्षपणे पाहता, त्या दिवसातील सर्वांत उत्कट राजकीय कृती ठरते. ऋतुमानही महत्त्वाचे आहे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आले की ध्वजवंदनास पालकमंत्री येणार म्हणून आत्मदहनाच्या इशाऱ्यांना बहर येतो, आणि वर्षभर 'साहेब दौऱ्यावर आहेत' असे उत्तर देणारी कार्यालये त्या आठवड्यात स्वतःहून दूरध्वनी करू लागतात.

निवेदनाने भागले नाही तर उपोषण. त्याचे लाक्षणिक, साखळी, बेमुदत आणि आमरण असे चार प्रकार रूढ आहेत. लाक्षणिक उपोषण एका दिवसाचे असते. साखळी उपोषणात माणसे आळीपाळीने बसतात, त्यामुळे व्यक्तीची उपासमार न होता आंदोलनाची मात्र होते. बेमुदत आणि आमरण यांतील भेद मंडपवाल्याच्या बिलावरून कळतो, असे जाणकार सांगतात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकासमोरील मंडपात गादी, लोड, संविधानाची प्रत, महापुरुषांच्या तसबिरी आणि त्यांच्यापेक्षा आकाराने मोठ्या हयात नेत्यांचा फलक अशी मांडणी असते. रोज सकाळी आरोग्य पथक रक्तदाब मोजून जाते, साध्या वेशातील पोलीस नावे टिपून घेतो, आणि तिसऱ्या दिवशी प्रकृती खालावल्याची बातमी प्रसिद्ध होते. ती वाचून प्रशासन नायब तहसीलदारास पाठवते.

येथून या शास्त्राचा खरा गाभा, म्हणजे मसुद्याची वाटाघाट, सुरू होते. पहिल्या मसुद्यात 'कार्यवाही करण्याबाबतचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात येईल' असे असते. आंदोलक संतापून तो परत करतात. दुसऱ्या मसुद्यात 'तातडीने' हा शब्द वाढतो. मंडपात चर्चा होऊन निश्चित तारखेचा आग्रह धरला जातो, त्यावर 'पंधरा दिवसांत' आणि त्यापाठोपाठ 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे दोन्ही एकाच वाक्यात घालण्यात येतात, आणि पहिला शब्दप्रयोग आंदोलकांचा तर दुसरा प्रशासनाचा विजय असल्याने वाटाघाट यशस्वी होते. मग मोसंबीचा रस येतो. तो कोणाच्या हस्ते घ्यावा यावर आंदोलनाची प्रतिष्ठा अवलंबून असते. मंडळ अधिकाऱ्याच्या हातचा रस आणि मंत्र्याच्या हातचा रस यांच्या गोडीत फरक पडतो. उपोषण मागे घेतले असे यानंतर कोणी म्हणत नाही. ते 'तूर्तास स्थगित' होते.

राज्यसंस्थेने आश्वासनांविषयी काहीच विचार केलेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून स्वतंत्र समिती आहे, महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे, आणि कोणते शब्द उच्चारले असता ते आश्वासन समजावे याची एक यादीच संसदेने करून ठेवली आहे. 'मी लक्ष घालीन' किंवा 'बाब विचाराधीन आहे' एवढे म्हटले तरी मंत्री अडकतो आणि तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित धरली जाते. हेच शब्द मंडपात लिहून दिले तर अशी कोणतीही समिती त्यांची विचारपूस करीत नाही, म्हणून अनुभवी प्रशासक सभागृहापेक्षा मंडपात अधिक उदार असतात. कर्मचाऱ्याने कोणतीही नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित ठेवू नये, असा कायदाही राज्याने २००५ मध्ये केला. त्याचे पूर्ण नाव वाचण्यातच त्यांपैकी काही वेळ जातो. शिवाय महिन्याचा पहिला सोमवार जिल्ह्यात लोकशाही दिन म्हणून पाळला जातो; उरलेल्या दिवसांविषयी शासन निर्णय मौन बाळगून आहे.

अर्थात आश्वासनाची उतरंड फाटकासमोरील मंडपावर संपत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, ज्यांत वनहक्काचे दावे अडकलेले आदिवासी मोठ्या संख्येने होते, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले, आणि दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शीवहून आझाद मैदानापर्यंतचे अंतर त्यांनी रात्रीच कापले. सोलवटलेल्या, फोड आलेल्या पावलांची छायाचित्रे देशभर छापून आली. १२ मार्चला त्यांना लेखी आश्वासन मिळाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेच लोक पुन्हा निघाले, तेव्हा नाशिकबाहेर पडतात तोच लेखी आश्वासन देण्यात आले. मार्च २०२३ मध्ये ते शहापूर तालुक्यातील वाशिंदपर्यंत पोहोचले आणि तेथे आश्वासन आले. चालणाऱ्यांच्या चिकाटीविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु एकाच मागणीवर इतक्या वेळा सही करण्याची शासनाची तयारी पाहता, चिकाटीचे श्रेय एकाच बाजूस देणे पक्षपाताचे ठरेल.

या शास्त्राच्या दृष्टीने महाडचे उदाहरण अगदीच गैरसोयीचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, आणि महाड नगरपालिकेनेही त्यानुसार १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे आजच्या परिभाषेत लेखी आश्वासन, तेही दुहेरी, हाती होते. त्याच्या अंमलबजावणीसाठी स्मरणपत्र देणे, शिष्टमंडळाने नगराध्यक्षांची भेट घेणे, तळ्याकाठी साखळी उपोषण आरंभणे आणि 'परिस्थितीनुरूप टप्प्याटप्प्याने' असा सुधारित मसुदा मिळवून परतणे, हे सर्व मार्ग मोकळे असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडला भरलेल्या परिषदेस जमलेले लोक २० मार्च १९२७ रोजी सरळ तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले, नगरपालिकेने आपला ठराव फिरवला, आणि न्यायालयीन झगडा १९३७ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. यांतील कोणत्याही टप्प्यावर मोसंबीच्या रसाची नोंद आढळत नाही.