आभाळवाचन (प्राथमिक): जाणकारांनी गर्दी करू नये

या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला अट एकच: सोसायटीच्या चेअरमनकडून गच्चीची किल्ली मिळवून दाखवावी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल तेवढ्या आभाळावर भागवावे. त्यांना प्रमाणपत्रही तेवढेच मिळेल.

आधी नावे पाठ करावीत. ढगांना लॅटिन नावे दिली ती 1802 साली ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधविक्रेत्याने. ऐकायला ती गोळ्यांसारखी वाटतात ती बहुधा त्यामुळेच: सिरस सकाळ-संध्याकाळ, क्युम्युलस जेवणानंतर.

सिरस म्हणजे फार उंचावरचे, बर्फकणांचे, पिंजलेल्या केसांसारखे ढग. यांचा पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही. यांना बघून छत्री उघडणारा उमेदवार बाद. स्ट्रॅटस म्हणजे आपले मळभ. गुडघेदुखी, आळस आणि न झालेली कामे यावर खपवता येतात. निम्बोस्ट्रॅटस ओळखायला वर बघायची गरजच नाही: बाहेर रिपरिप आणि घरात पंख्याखाली तीन दिवसांची बनियने.

क्युम्युलस मात्र नीट शिकावा. खाली सपाट, वर कापसाचा ढीग. दिसायला गरीब. गेल्या वैशाखात गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि हा ढग आला. मी घरात ज्ञान दिले, ‘काही नाही, साधा क्युम्युलस आहे.’ चार वाजेपर्यंत कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता. त्यानंतर शिकलेला नियम फुकट देतो: ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढायला लागला की वाळवण उचलावे. दुपारच्या तापल्या जमिनीवरून वर चढणारी दमट हवा त्याला तासाभरात क्युम्युलोनिम्बस बनवू शकते. त्याचा माथा कधीकधी पंधरा किलोमीटरच्याही वर जातो. एव्हरेस्ट नऊसुद्धा भरत नाही. वर जायला वाव उरला नाही की माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. मग वारा सुटतो, धूळ उठते, दारे आपटतात आणि वळीव कोसळतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे गणित घरात बसून करावे. गडगडाट ऐकू आला की गच्ची सोडावी, झाडाखाली थांबू नये. एवढे एक वाक्य विनोदात काढू नये.

आता हवामानाचा अंदाज. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद पुण्यात पिढीजात आहे. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि 1944 मध्ये दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या चौकाचे नाव अजून सिमला ऑफिस आहे. इतक्या जवळच्या माणसाला मान कोण देतो? तरी माझे मत असे, की खात्याचे चुकते त्यापेक्षा आपले वाचन जास्त चुकते.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द घ्या. आपण त्याचा अर्थ ‘किरकोळ पाऊस, तोही दुसरीकडे’ असा लावतो. खात्याच्या हिशेबी त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होणे म्हणजे तुरळक. निम्म्यापर्यंत ‘काही ठिकाणी’, पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’. हे शब्द जागा मोजतात, जोर मोजत नाहीत. जोराचे मोजमाप वेगळे: चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.4 च्या पुढे त्याहूनही वरचे. म्हणजे तुरळक ठिकाणी अति मुसळधार पडू शकतो, आणि ते ठिकाण तुमची गल्ली असू शकते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला 73. दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या खिडकीतून अंदाज तपासला असता तर निकाल काय लागला असता?

ज्यांना खाते पटत नाही त्यांच्यासाठी पंचांग आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून पावसाचे वाहन काढायचे. हत्ती, बेडूक किंवा म्हैस आली की आजी खूश. अडचण एवढीच, की त्या एकाच म्हशीवर धो-धो पावसाचा गगनबावडा आणि दुष्काळी आटपाडी दोघांना बसावे लागते.

खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचे लवकर उरकतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. शाळेला सुट्टी आहे का, हा प्रश्न पोरांनी ढगांना विचारू नये.

प्रात्यक्षिक: आठवडाभर रोज सकाळी अंदाज वाचावा, दुपारी ढग बघावा, दोन्ही वहीत लिहावे. अंदाज चुकला अशी तक्रार करायची असेल तर रात्री करू नये. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि आकडा त्यानंतरच लागतो.