सात वाजताचा नेम

प्रत्येक शूटिंग रेंजवर एक अण्णा असतात. आमच्या कोल्हापूरच्या रेंजवरचे अण्णा सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि अख्खा जिल्हा हरखला. अण्णांचं लक्ष मात्र दुसऱ्याच फोटोकडं होतं. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, वय ५१, एक हात खिशात, डोळ्यांवर साधा चष्मा, आणि १० मीटर एअर पिस्तुलाच्या मिश्र दुहेरीत रौप्य. “ह्यात काय हाय? खिसा आपल्यालाबी हाय की,” म्हणत अण्णांनी नाव नोंदवलं. दिकेचचं ते पाचवं ऑलिंपिक होतं, हे फोटोत दिसत नव्हतं.

खिसा घेऊन आलेल्या अण्णांकडं हळूहळू एका डोळ्यावर पट्टी लावलेला खास चष्मा आला, सपाट तळाचे बूट आले, जर्मन छर्रे आले. पिस्तूल परदेशी. त्याची लाकडी मूठ कानशीनं घासून, फटींत लांबी भरून हाताच्या मापाची केलेली. या छऱ्याच्या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. पण ही माहिती अण्णांनी गल्लीत कुणाला दिलेली नाही. पेटी हातात घेऊन ते गल्लीतून जरा सावकाशच चालतात.

आता नेमाचं. टार्गेटच्या कार्डावरचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. तो साधायचा तर डोळा नळीच्या टोकावरच्या फ्रंट साइटवर हवा. ती स्वच्छ दिसली पाहिजे आणि समोरचा काळा गोळा धूसर. कारण साइट सरळ ठेवून सगळा हात मिलिमीटरभर हलला, तर छर्राही मिलिमीटरभरच हलतो. पण फ्रंट साइट मागच्या खाचेत तेवढीच सरकली, तर १० मीटरवर छर्रा जवळजवळ ३ सेंटिमीटर सरकतो आणि दहाचे सात होतात. रेंजवर शिकवणारे सर हे रोज सांगतात. अण्णांना ते मुळातच मान्य नाही. “ज्याला हाणायचं त्याच्याकडं बघायचं न्हाई? ही कुठली रीत म्हणायची सर?”

तरीही अण्णांचे छर्रे भरकटत नाहीत. ते अगदी नेमानं डावीकडं खाली, घड्याळातल्या सातच्या जागी जमतात. उजव्या हाताच्या नेमबाजाचा हा ठरलेला आजार. ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा, तर साइट जागेवर दिसताच मन ओरडतं ‘आत्ता!’ आणि सगळा पंजा आवळला जातो. ५०० ग्रॅमच्या ट्रिगरला अण्णा अख्ख्या खांद्याचा जोर लावतात. मग खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर निघतो आणि साइट चार क्लिक वर, चार क्लिक उजवीकडं जाते. एखादी गोळी चुकून नीट सुटली की ती अर्थातच उजवीकडं वर लागते. “बगा, साइटच खराब हाय,” अण्णा लेनमधल्या सगळ्यांना दाखवतात.

साइट नसेल तर पंखा. पंखा बंद असेल तर दिवे. दिवे ठीक असतील तर शेजारच्या लेनमधली सातवीतली मुलगी, जी अण्णांच्या मते फार मोठ्यानं श्वास घेते. ती त्यांना आजोबा म्हणते, हेही एक कारण असावं. नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या गावचं पाणी आपण पितो, एवढं सांगून अण्णा पुढचा छर्रा भरतात.

एकदा सरांनी गंमत केली. पिस्तूल स्वतः भरून देतो म्हणाले आणि अण्णांच्या नकळत ते ड्राय फायरवर टाकलं. अण्णांनी नेम धरला, ट्रिगर ओढला, टिक्क असा नुसता आवाज झाला आणि नळी सगळ्यांदेखत सातच्या दिशेनं खाली वाकली. छर्रा नाही, झटका नाही, पंखाही बंद. रेंजवर शांतता. अण्णांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मला वजनावरनंच कळलं हुतं रिकामं हाय म्हणून. मुद्दाम तसं केलं.”

शेजारच्या लेनमधल्या त्या मुलीला सरांनी सुरुवातीचे कित्येक दिवस छर्रा दिलाच नव्हता. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पिस्तूल उचलायचं, फ्रंट साइट बघत ट्रिगर दाबायचा, ती जागची हलली नाही तर पुन्हा तेच. अण्णांना हा पोरखेळ वाटायचा. मग कधीतरी दुकानात त्यांचे जर्मन छर्रे संपले, नवा माल येईना, आणि दुसरे छर्रे वापरणं अण्णांच्या शानीत बसेना. नाइलाजानं महिनाभर ते घरी देवघराशेजारच्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल घेऊन उभे राहिले. मीठभाकर ओवाळून टाकावी का, असं काकूंनी सुनेला विचारल्याचं ऐकतो.

माल आला, अण्णा रेंजवर आले. ६० गोळ्यांत ६०० पैकी पाचशेच्या आतच घुटमळणारा त्यांचा आकडा ५२० च्या पुढं गेला. सर हसले, काही बोलले नाहीत. अण्णांनी मात्र त्या दिवसापासून एकच गोष्ट लावून धरली आहे: सगळी करामत बुटांची.

तेव्हा रेंजवर नवे येणार असाल, तर अण्णा तुम्हाला बुटांच्या दुकानाचा पत्ता देतील, नंबरसुद्धा विचारतील. पत्ता लिहून घ्या, त्यांना बरं वाटतं. बूट घ्यायची घाई करू नका. तुमच्या घरी एखादी कोरी भिंत असेलच.