उत्तरदाते अप्पा

मैंदर्गीच्या स्टँडवर अक्कलकोटच्या एस.टी.तून पाठीला सॅक आणि हातात क्लिपबोर्ड असलेलं पोरगं उतरलं, की पानवाला न विचारताच बोट दाखवतो. "सर्व्हे ना? सरळ जावा. तीन म्हशी दिसल्या की थांबा."

अप्पा म्हणजे आमच्या गल्लीचे कायमचे उत्तरदाते. सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेला होता, तेव्हापासून ते उत्तरं देताहेत. 2004 साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं, 2019 मध्ये त्याला अहिल्यादेवींचं नाव लागलं. प्रश्नावली मात्र हलली नाही. "टीव्ही आहे का, संडास आहे का, समाधानी आहात का. माझं समाधान दरसाल मोजून नेतात की!"

पोरगं फॉर्म पुढं करतं. "अप्पा, इथं सही."

अप्पा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसतात. "आधी वाच."

"साधं संमतीपत्र आहे, अप्पा."

"मग साधंच वाच. आणि कन्नडात सांग. मराठी येतंय मला, पण सही करायची तर घरच्या बोलीत समजून करणार."

पोराचा घसा कोरडा. बिचाऱ्यानं न्यूरेंबर्गची संहिता 1947, हेलसिंकीचा जाहीरनामा 1964 असं सगळं पाच मार्कांसाठी घोकलेलं असतं. सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत माहिती द्यावी, हे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाचून त्याखाली रेघही मारलेली असते. पण ते म्हशीच्या शेपटीच्या टप्प्यात बसून खरोखर करावं लागेल, याची कल्पना नसते. मग शेजारचं एखादं पोर दुभाषा म्हणून बोलावलं जातं. त्याला अप्पा हाकलतात. "वर गोपनीय म्हणून छापलंय, आणि माझं उत्पन्न ह्याच्यासमोर विचारतोस व्हय?" शेवटी दुभाषा कोण, ते अप्पाच ठरवतात. बहुतेक वेळा मी सापडतो.

हे सगळं त्यांना शिकवलं एका मुलीनं. बऱ्याच वर्षांपूर्वी आली होती, कलबुर्गीकडची असावी. तिनं माहितीपत्रक अक्षर न् अक्षर कन्नडात समजावलं, एक प्रत अप्पांकडं ठेवली आणि म्हणाली, "अप्पा, मधेच नको वाटलं तर ब्याड म्हणा. कारण सांगायची गरज नाही." तलाठ्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी अप्पांना आजवर फक्त सही कुठं करायची तेवढंच दाखवलं होतं. नाही म्हणायची मुभा आहे, असं सांगणारी ती पहिलीच. तो कागद बिस्किटाच्या डब्यात रेशनकार्डाखाली आहे. घडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावलीय.

तेव्हापासून अप्पा हक्क बजावतात. पस्तिसाव्या प्रश्नाला ताडकन उठतात, "ब्याड. मी माघार घेतली." पोरगं रडकुंडीला येतं. अप्पा गोठ्यात जातात, धार काढतात, हात धुऊन परत येतात. "हं, आता परत संमती विचार."

एवढ्यात आतून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही येतंच. एका पोरानं धाडस करून विचारलं, "अप्पा, खाल्लं तर चालेल का? आमच्या नियमांत आमिषाबद्दल आहे." अप्पा हसून लोटपोट. "ते तू मला द्यायचं नसतं रे तम्मा. मी तुला दिलं तर तुझ्यावर दबाव. खा, आणि उत्तर जसंच्या तसं लिही." तरी शेवटचा प्रश्न ऐकून माझ्या पोटात गोळा येतो: "आणखी काही सांगायचंय का?" त्याला कागदावर दोन ओळींची जागा असते. अप्पा तासभर सांगतात आणि मी तासभर भाषांतर करतो.

निष्कर्ष कळवतो म्हणून जाणारे बहुतेक जण परत फिरकत नाहीत. एकानं मात्र प्रबंधाची झेरॉक्स आणून दिली. त्यात अप्पा 'उत्तरदाता क्र. 14: मैंदर्गी, विधुर, तीन म्हशी, सुनेशी मतभेद'. नाव कुठं नव्हतं. पण गल्लीनं पान उघडताक्षणी ओळखलं आणि सुनेनं चार दिवस चहा दिला नाही.

पुढच्या मुलीला हा किस्सा मीच सांगितला. तिनं शहाणपणानं गावाचं नाव गाळलं, सून गाळली, तपशील बदलले. छापील प्रत अप्पांच्या हातात आली. त्यांनी माझ्याकडून ती दोनदा वाचून घेतली आणि लगेच तिला फोन लावायला लावला.

"नाव लपवलंस, बरं केलंस अव्वा. सून गाळलीस, लई बरं केलंस. पण तीन म्हशींच्या दोन का केल्यास?"